कातडी बसली, आता हात चालता करा



खोडव्याची खते आणि हरभऱ्यावरची घाटेअळी या खेपेला बाजूला ठेवतो. कोल्हापूरकडच्या एका भगिनीचे पत्र आले आहे आणि त्याचे उत्तर पुढच्या अंकापर्यंत थांबण्यासारखे नाही. त्यांचे मालक गुऱ्हाळावर कामाला होते. काहील उतरवताना पाक उसळला आणि उजव्या हाताची मागची बाजू, मनगट व पुढे कोपरापर्यंतचा भाग भाजला. जखम खोल होती. दवाखान्यात मांडीची कातडी काढून हातावर बसवली. त्याला आता बारा दिवस झाले आहेत आणि मंडळी घरी आली आहेत. डॉक्टरांनी सांगितले आहे की हात दिवसातून पाच-सहा वेळा हलवा, मूठ मिटा, उघडा, रात्री पट्टी बांधा. पण हात हलवला की मालकांच्या डोळ्यांत पाणी येते. सासूबाई म्हणतात, "कोवळी कातडी आहे, ओढली तर फाटेल. राहू दे गं त्याला गप." पट्टी फडताळात पडून आहे. ताईंनी विचारले आहे, "कोणाचे ऐकू?"

ताई, डॉक्टरांचे ऐका, आणि आजपासून ऐका. पण सासूबाईंचे म्हणणेही अगदीच चूक नाही. ते पहिल्या पाच-सात दिवसांपुरते खरे होते. दोन्ही गोष्टी खऱ्या कशा, हे सगळ्यांनीच समजून घ्यावे म्हणून खासगी पत्र न पाठवता इथे लिहितो आहे. चूल, बंब, गुऱ्हाळ, पेटवलेले पाचट हे सगळे आपल्या घरादारात आहे. मी शेतीचा पदवीधर आहे, वैद्यकीचा नव्हे. तेव्हा इथे लिहिलेले आणि तुमच्या डॉक्टरांनी सांगितलेले यात फरक पडला, तर डॉक्टरांचे खरे धरावे.

आधी पाकाविषयी. पाणी 100 अंशांला उकळते. गुळाचा पाक उतरवायच्या वेळी 118 अंशांच्या आसपास असतो. शिवाय पाणी अंगावर पडले तर ओघळून जाते, पाक मात्र चिकटून बसतो आणि बसल्या जागी भाजत राहतो. म्हणून पाकाचा चटका दिसतो त्याहून खोल जातो. असे झाले तर वीस मिनिटे साधे वाहते पाणी हातावर सोडायचे. अंगठी, कडे, घड्याळ लगेच काढायचे, कारण सूज चढली की ते निघत नाही. बर्फ, शाई, टूथपेस्ट, राख, शेण यांतले काहीही लावू नये. चिकटलेला पाक ओरबाडू नये, पाण्याने तो आपोआप सुटतो. भाजल्यावर जी जागा पांढुरकी किंवा चामड्यासारखी दिसते आणि फारशी दुखत नाही, ती बरी समजू नका. तिथली शीर जळली म्हणून ती दुखत नाही, आणि तीच सर्वांत खोल असते. तीन आठवड्यांत आपण होऊन भरणार नाही अशी जखम असेल, तर डॉक्टर कातडी बसवण्याचा निर्णय घेतात. जखम जितकी जास्त दिवस उघडी राहते तितका तिचा वण जाड आणि ताठ होतो. म्हणून ते वाट पाहत बसत नाहीत.

आता कातडी बसवणे म्हणजे काय ते पाहू. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी मोसंबीचा किंवा संत्र्याचा डोळा भरलेला असेल. खुंटाच्या सालीला चीर द्यायची, चांगल्या झाडाचा डोळा त्यात सरकवायचा, प्लॅस्टिकची पट्टी गुंडाळायची आणि मग त्याला हात लावायचा नाही. डोळा खुंटाचा रस पितो, हळूहळू दोघांची साल एक होते. कातडीचे असेच आहे. मांडीवरची कातडी कागदासारखी पातळ तासून घेतात. मोठ्या जखमेला पुरावी म्हणून ती कधी यंत्रातून काढून जाळीसारखी पसरवतात. अशी कातडी जखमेवर ठेवली की पहिले दोन दिवस तिला स्वतःचा रक्तपुरवठा नसतो. खालच्या जखमेतून पाझरणाऱ्या द्रवावर ती तग धरते. मग खालच्या बारीक रक्तवाहिन्या तिच्यातल्या वाहिन्यांशी जुळतात आणि पाच-सात दिवसांत ती धरते. या काळात हात हलला, खाली रक्त साकळले किंवा पू झाला, तर कातडी उचलली जाते. डोळ्याच्या पट्टीखाली पाणी गेले की डोळा काळा पडतो, तसेच. म्हणून ते पाच-सात दिवस हात पट्टीत घट्ट आणि उंच ठेवतात. सासूबाईंची "गप राहू दे" ही गोष्ट त्या दिवसांपुरती बरोबर होती.

ही विद्या आपल्याला सगळी परकी नाही, म्हणून थोडे विषयांतर करतो. 1794 साली लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन' या मासिकात पुण्याकडची एक हकीगत छापून आली होती. कावसजी नावाचा एक मराठा, शेतकरी जातीचा, इंग्रजी फौजेत बैल हाकायला होता. 1792 च्या लढाईत तो टिपूच्या हाती सापडला आणि त्याचे नाक व एक हात कापला गेला. पुढे पुण्याजवळच्या वीट पाडणाऱ्या जातीतल्या एका कारागिराने कपाळाची कातडी वळवून त्याला नवे नाक करून दिले. ती हकीगत वाचून विलायतेतल्या शस्त्रवैद्यांनी हे काम उचलले. कपाळाची कातडी एका बाजूने जोडलेली ठेवून वळवलेली होती. आज मांडीची कातडी पूर्ण सोडवून दुसरीकडे लावतात ती पद्धत निराळी. तिची सुरुवात 1869 साली पॅरिसमध्ये रेव्हर्दां यांनी केली. असो.

कलमाची उपमा इथपर्यंतच चालते. कलम धरले की आपले काम संपते, पुढचे झाड पाहते. कातडी धरली की तुमचे काम सुरू होते. बसवलेल्या कातडीखाली आणि तिच्या कडेने वण तयार होतो, आणि वणाचा स्वभाव आकसण्याचा असतो. ज्यांच्या घरी पूर्वी कातडी वाद्या वापरत त्यांना ठाऊक असेल, ओली वादी बांधून ठेवली तर वाळताना ती आपोआप आवळते आणि लाकडात रुतते. वणाचे तसेच होते. फरक इतकाच की वादी दोन दिवसांत वाळते आणि वण महिनोन् महिने आवळत राहतो. पहिले सहा महिने ओढ सगळ्यात जोरात असते. वण मऊ, फिकट आणि शांत व्हायला एक ते दोन वर्षे लागतात. तोपर्यंत जो हात हलता ठेवला तो हलता राहतो, आणि जो ठेवला नाही तो जिथे असेल तिथे घट्ट होतो.

आणि तो कुठे असतो? जिथे आराम वाटतो तिथे. ताई, या लेखातले हे एकच वाक्य लक्षात राहिले तरी चालेल. भाजलेल्या माणसाला ज्या स्थितीत बरे वाटते त्याच स्थितीत त्याचा सांधा आखडतो. मान भाजली तर हनुवटी छातीकडे झुकवावीशी वाटते. काख भाजली तर हात अंगाशी धरावासा वाटतो. कोपर, गुडघा वाकवून ठेवावासा वाटतो. हाताची मागची बाजू भाजली तर मनगट खाली लोंबते, बोटांच्या बुडाचे सांधे मागे ओढले जातात आणि पुढचे वाकतात, म्हणजे पंजा पक्ष्याच्या नखीसारखा होतो. अंगठा बाजूला चिकटतो. असा हात खुरप्याला आणि सडाला दोन्हीला निरुपयोगी. आराम देणे म्हणजे प्रेम, अशी आपल्या घरांतली समजूत आहे. या एका बाबतीत ती माणसाचा हात घेते, असे मी स्पष्टच म्हणतो.

म्हणून पट्टी फडताळातून काढा. ती पट्टी, म्हणजे दवाखान्यातला स्प्लिंट, हात उलट्या स्थितीत धरून ठेवते. मनगट थोडे मागे, बोटांचे बुडाचे सांधे वाकलेले, पुढची बोटे सरळ आणि अंगठा बाहेर उघडा, अशी ती ठेवण असते. तळहात भाजला असेल तर ठेवण वेगळी, तेव्हा बोटे व तळवा पूर्ण उघडे ठेवतात. दिवसा व्यायाम आणि कामाच्या वेळी ती काढायची, रात्री निजताना बांधायची, कारण झोपेत आपण आरामाच्या जागीच जातो. हल्ली पुष्कळ ठिकाणी ती गरम पाण्यात मऊ होणाऱ्या प्लॅस्टिकची करतात. ती उन्हात किंवा चुलीजवळ ठेवू नये, वाकडी होते. बांधल्यावर बोटे निळसर पडली, मुंग्या आल्या किंवा कुठे लाल ठसा पंधरा-वीस मिनिटांत गेला नाही, तर ती पुन्हा बसवून घ्यायला दवाखान्यात न्यावी. घरी ठोकून वाकवू नये.

आता प्रत्यक्ष व्यायाम. डॉक्टरांनी किंवा व्यायाम-चिकित्सकाने, म्हणजे फिजिओथेरपिस्टने, हात हलवायला परवानगी दिली आहे हे धरून सांगतो. पत्रावरून ती दिली आहे.

दुखण्याची गोळी लिहून दिली असेल तर ती व्यायामाच्या अर्धा तास आधी द्यावी, नंतर नव्हे. पुष्कळ घरांत कळा आल्यावर गोळी देतात आणि मग व्यायाम टळतो. पट्टीची जखम पूर्ण बंद झालेली असेल तर कोमट पाण्याने हात धुऊन खोबरेल तेल लावावे. तेल लावलेली कातडी ओढ सोसते, कोरडी कातडी तडकते. मग मालकांना बसवून पंजा उशीवर ठेवावा.

आधी एकेक सांधा. दुसऱ्या हाताने बोटाचा बुडाचा भाग धरून फक्त मधला सांधा वाकवायचा आणि सरळ करायचा, मग फक्त टोकाचा, मग बुडाचा. नंतर सगळी बोटे मिळून मूठ करायची, अंगठा आत न घेता बाहेरून. मूठ झाली की तशीच धरून मनगट हळू खाली झुकवायचे, मग हाताची मागची सगळी कातडी एका दमात ताणली जाते. नंतर बोटे पूर्ण उघडायची, पसरायची, जणू तळवा भिंतीला लावतो आहोत. अंगठ्याने चारही बोटांच्या टोकांना एकेक करून शिवायचे आणि करंगळीच्या बुडापर्यंत पोचायचे. मनगट वर, खाली, दोन्ही बाजूंना. तळवा आकाशाकडे, तळवा जमिनीकडे. शेवटी कोपर पूर्ण सरळ, पूर्ण वाकवून, आणि हात डोक्यावर. खांदा भाजला नसला तरी तो हलवावा, नाहीतर गळ्यात झोळी बांधून बसलेल्या माणसाचा खांदाही धरतो.

एक अपवाद ठळकपणे सांगतो. बोटाच्या मधल्या सांध्यावर भाजणे इतके खोल असेल की आतली पांढरी शीर उघडी पडली होती, तर डॉक्टरांनी स्पष्ट सांगितल्याशिवाय पूर्ण मूठ करू नये. ती शीर तुटली तर बोट पुन्हा सरळ होत नाही. ताई, पुढच्या तपासणीला हा प्रश्न तुम्ही स्वतः विचारा.

ताण कसा द्यायचा, यातच सगळे आहे. झटका नाही. हळूहळू वाकवत न्यायचे, कातडी ताणून पांढुरकी दिसू लागली की तिथे थांबायचे, दहा अंक सावकाश मोजायचे आणि सोडायचे. प्रत्येक हालचाल अशी पाच ते दहा वेळा. काही दिवसांनी तीस अंकांपर्यंत धरता येते. नवीन बैलाला जू सवयीचे करताना आपण जोर लावत नाही, रोज थोडे-थोडे करतो, ती रीत इथे चालते. दिवसातून एकदा तासभर करण्यापेक्षा दहा-दहा मिनिटे सहा वेळा केलेले चांगले, कारण वण मधल्या वेळात पुन्हा आवळतो. वेळ लक्षात राहत नसेल तर रोजच्या कामांना जोडावे: सकाळचा चहा, न्याहारी, जनावरांना पाणी, दुपारचे जेवण, दिवेलागण, निजण्याआधी. सकाळी उठल्यावर हात सर्वांत ताठ असतो. तेव्हा निराश होऊ नये, पहिल्या खेपेला तो रोजच नव्याने सुटतो.

मालकांच्या डोळ्यांत पाणी येते, त्याचे काय? ओढ लागून दुखणे आणि इजा होऊन दुखणे यात फरक आहे. व्यायाम थांबल्यावर पाच-दहा मिनिटांत जे दुखणे ओसरते ते ओढीचे. ते राहणारच, आणि पाच-सहा आठवड्यांत कमी होते. पण व्यायामानंतर सांधा सुजला, रात्रभर ठणकला किंवा दुसऱ्या दिवशी कालच्याइतकाही वाकेना, तर जास्त झाले. मग दुसऱ्या दिवशी निम्मे करावे, पण बंद करू नये. कडेला चिमूटभर रक्त आले तर घाबरायचे कारण नाही, जागा स्वच्छ करून झाकावी आणि ती जागा भरेपर्यंत तिथला ताण कमी ठेवावा. कातडी पांढरी-काळी पडून सुटू लागली, पू आला, वास येऊ लागला, ताप चढला, तर मात्र त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

सूज असेल तोवर पंजा हृदयापेक्षा उंच. बसताना उशीवर, चालताना छातीवर. लोंबता हात सुजतो आणि सुजलेला हात वाकत नाही.

आणखी एक सोपी गोष्ट करा. आपण पिकाची नोंद ठेवतो तशी हाताची ठेवा. दर रविवारी मूठ करायला लावून प्रत्येक बोटाचे टोक आणि तळवा यांत किती अंतर राहते ते मुलाच्या पट्टीने मोजावे आणि कॅलेंडरवर लिहावे. मुलाला मोबाइलवर फोटोही काढू द्या. रोज बघणाऱ्याला फरक दिसत नाही. कागदावर चार सेंटिमीटरचे तीन झाले की सासूबाईंनाही पटेल. आणि तीनचे चार झाले तर पुढच्या तपासणीची वाट न पाहता जावे.

पत्र एका पुरुषाच्या हाताचे आहे, पण आपल्याकडे चुलीपाशी आणि स्टोव्हपाशी भाजतात त्या बहुतेक बायका. आणि इथे मला थोडे कडू बोलायचे आहे. घरातल्या पुरुषाचा हात भाजला की चार माणसे त्याच्या सेवेला असतात. सुनेची मान आणि काख भाजली, तर ती दवाखान्यातून येते आणि आठवड्यात भाकऱ्या थापायला बसते. तिच्या व्यायामाला ना वेळ, ना दार बंद करून बसायची जागा, ना "झालं का गं आज?" असे विचारणारे कोणी. सहा महिन्यांनी तिचा हात डोक्यापर्यंत जात नाही आणि हनुवटी छातीला टेकते, मग लोक म्हणतात, नशीब. नशिबाचा यात काही संबंध नाही. त्या सुनेला दिवसातून सहा वेळा दहा मिनिटे सोडा, एवढेच काम आहे.

मान भाजलेल्या बाईने उशी घेऊ नये. उलट खांद्यांखाली टॉवेलची गुंडाळी घेऊन निजावे, म्हणजे हनुवटी वर राहते. दिवसा आढ्याकडे पाहून तोंड मिटायचे, तसेच धरून दहा मोजायचे. मग एका खांद्याकडे, मग दुसऱ्या. ओठांजवळ भाजले असेल तर तोंड मोठे उघडायचे, "आ" आणि "ई" म्हणायचे. काखेसाठी निजताना हात अंगापासून काटकोनात, उशांवर. भिंतीला तोंड करून उभे राहायचे आणि बोटांनी भिंत चढत जायची, पोचेल तिथे कोळशाची रेघ ओढायची. उद्या त्या रेघेच्या वर. आढ्यावरून दोर टाकून दोन टोकांना लाकडी मुठी बांधल्या, तर चांगल्या हाताने खाली ओढले की भाजलेला हात आपसूक वर जातो. ही युक्ती फुकटची आहे आणि मोठमोठ्या दवाखान्यांतही हीच, फक्त तिथे कप्पी असते.

पायावर कातडी बसवली असेल तर डॉक्टरांनी सांगितल्यावर बोटांपासून गुडघ्यापर्यंत ताणाची पट्टी गुंडाळूनच चालायचे. एका जागी उभे राहायचे नाही, बसले की पाय वर.

लहान मुलांचे वेगळे. मूल व्यायाम करत नाही, खेळते. फुगा, चेंडू, मातीचा गोळा, साबणाचे फुगे पकडणे, हा त्याचा व्यायाम. रात्रीची पट्टी मात्र आईनेच बांधायची. आणि एक गोष्ट पालकांना कोणी सांगत नाही. मूल वाढते पण वण त्याच्याबरोबर तितका वाढत नाही. म्हणून आज सरळ असलेले बोट चार वर्षांनी वाकू शकते. मुलाची उंची पुरी होईपर्यंत अधूनमधून तपासणी चुकवू नये. पुन्हा छोटी शस्त्रक्रिया लागली तर पहिली फसली असे समजू नये.

आता कातडीची राखण. बसवलेल्या पातळ कातडीत तेलाच्या आणि घामाच्या ग्रंथी नसतात किंवा फार थोड्या असतात. म्हणून ती कोरडी पडते आणि खाजते. दिवसातून तीन-चार वेळा खोबरेल तेल लावावे. कातडी पक्की झाल्यावर, डॉक्टर हो म्हणाले की, अंगठ्याने दाबून छोट्या गोल फेऱ्यांत मालिश करावे. वण दाबाने पांढरा व्हावा इतका दाब, पण घासायचे नाही. घासले की फोड येतात. फोड आला तर फोडू नये. खाज फार असेल तर नखे कापून घ्या आणि डॉक्टरांकडून गोळी मागा, खाजेलाही औषध असते. वण लाल, उंच आणि कडक होऊ लागला तर डॉक्टर मापाचा घट्ट मोजा देतात. तो आंघोळ आणि तेलाची वेळ सोडून दिवसाचे तेवीस तास घालायचा असतो, एक वर्ष किंवा जास्त. दोन जोड करून घ्यावेत, साबणाने हाताने धुवावेत, सावलीत वाळवावेत. दोन-तीन महिन्यांत तो सैल पडतो आणि सैल मोजा घालणे म्हणजे न घालणेच. मग नवा घ्यावा. मांडीची जागा, जिथून कातडी काढली, ती साधारण दोन आठवड्यांत भरते. तिलाही तेल लावत जावे. जेवणात डाळी, दूध, अंडी, शेंगदाणे रोज हवेत. "अंड्याने पू होतो" ही समजूत सोडून द्यावी.

पहिले वर्ष त्या हातावर उन्हाचा तिरीप नको, कातडी कायमची काळी पडते. पूर्ण बाह्यांचा सुती सदरा हवाच. उसाच्या पातीचे चरेही त्यानेच वाचतात. औषध फवारणीचे काम त्या हाताने एक वर्ष नको, कारण नाजूक किंवा चिरलेल्या कातडीतून विषारी औषध लवकर आत शिरते. ज्यांच्या अंगाचा बराच भाग असा झाकलेला आहे त्यांना घाम पुरेसा येत नाही आणि उष्मा सोसत नाही. त्यांनी सकाळच्या प्रहरातच काम उरकावे आणि पाणी भरपूर प्यावे.

काम केव्हा सुरू करावे? कातडीवर कुठेही उघडी जागा उरली नाही आणि डॉक्टरांनी परवानगी दिली की हलकी कामे हाच व्यायाम. शेंगा फोडणे, वाटाणा सोलणे, ज्वारीतले खडे वेचणे याने बोटांची टोके चालतात. कणीक मळणे, फडके पिळणे, दोर वळणे याने पंजा आणि मनगट. पुरुषाने कणीक मळली तर काही बिघडत नाही, हे मी सासूबाईंना उद्देशून लिहितो आहे. मूठ पूर्ण मिटत नसेल तर खुरप्याच्या किंवा विळ्याच्या मुठीवर सायकलची जुनी ट्यूब किंवा फडके गुंडाळून ती जाड करावी. जशी मूठ मिटू लागेल तसा एकेक वेढा काढावा. शेणामातीचे काम मात्र शेवटी, आणि तेही हातमोजा घालून.

ज्यांचा हात यापूर्वीच, दोन किंवा दहा वर्षांमागे आखडला आहे, त्यांनीही हे वाचून पान उलटू नये. आखडलेला वण सोडवण्याची शस्त्रक्रिया होते. वण कापून मोकळा करतात, लागली तर नवी कातडी घालतात. त्यानंतर हेच व्यायाम आणि हीच पट्टी पुन्हा, नाहीतर तो परत आखडतो. आणि जुन्या भाजलेल्या वणावर एखादी जखम महिनोन् महिने भरत नसेल तर मलम लावत बसू नका, दाखवा. क्वचित त्यात कर्करोग निघतो.

खर्चाचे म्हणाल, तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत भाजलेल्यांवरचे उपचार येतात. योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्र बसलेला असतो, रेशनकार्ड आणि आधारकार्ड घेऊन त्याला भेटावे. घट्ट मोजा आणि पट्टी त्यात बसते का हे त्याच वेळी विचारून घ्यावे. जिल्हा रुग्णालयात व्यायाम-चिकित्सकाची ओ.पी.डी. असते. महिन्यातून दोनदा तरी तिथे जाऊन व्यायाम बरोबर होतो की नाही ते तपासून घ्या, कारण घरी करता करता माणूस नकळत सोपी हालचाल निवडतो.

ताईंच्या पत्रात शेवटी एक ओळ आहे. गुऱ्हाळमालकाने निरोप धाडला आहे की पुढच्या महिन्यात आले तर काम आहे. हा हंगाम त्यांना चुलवाणापाशी किंवा काहिलीपाशी उभे करू नका. बसवलेल्या कातडीला ऊन-गार आणि टोचणे नीट कळायला कित्येक महिने लागतात, आणि काही जागी पुरते कधीच कळत नाही. हात तापतो आहे हे त्यांना इतरांपेक्षा उशिरा समजेल. चरक्यात ऊस घालायचे कामही त्या हाताने नको. मालक ओळखीचे आहेत असे तुम्ही लिहिता, तर त्यांना सांगा की काट्यावर आणि हिशेबाच्या वहीवर बसवा. लिहायला पेन धरणे हाही बोटांचा व्यायामच आहे, आणि पेनाला फडके गुंडाळून द्यायला विसरू नका.